दवंडी कोणाची?

पूर्वी खेड्यात काही महत्त्वाचे सांगावयाचे असले म्हणजे दवंडी पिटली जाई. नदीला पूर येणार असो, की गुरांना लस टोचावयास डॉक्टर येणार असोत, गावचा कोतवाल चौकाचौकात थांबून डफ वाजवी आणि खड्या आवाजात निरोप सांगे. ऐकणाऱ्याला त्याचे नाव ठाऊक असे. त्याला कोणी धाडले, हेही ठाऊक असे. शंका आलीच, तर चावडी काही दूर नव्हती. निरोप आणि निरोप्या असे दोघेही एकदम समोर उभे राहत. संगणक आणि फोन घरोघर आल्यापासून निरोप तेवढा येतो. निरोप्या दिसत नाही. खऱ्याखोट्याचा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

१९९४ सालच्या अखेरीस अमेरिकेत ई-मेलने एक इशारा पसरू लागला. ‘गुड टाइम्स’ अशा शीर्षकाचे पत्र आले तर ते उघडू नका. नुसते वाचले तरी त्यातील विषाणू संगणकातील सारी माहिती पुसून टाकील, असे त्यात म्हटले होते. संगणकाचा विषाणू म्हणजे रोगजंतू नव्हे. दुष्ट हेतूने लिहिलेला आणि आपल्या प्रती आपणच काढणारा तो एक आज्ञासंच असतो. इशाऱ्याच्या शेवटी ‘हे सर्व स्नेह्यांना कळवा’ अशी विनंती होती. पुढे कोणी तरी त्यात अमेरिकेतील एका सरकारी आयोगाचे नाव घुसडले आणि ‘गेल्या बुधवारी’ त्या आयोगाने हे जाहीर केले, असे लिहिले. तो बुधवार कोणत्या तारखेचा, याचा पत्ता नव्हता. त्यामुळे पत्र केव्हाही वाचले, तरी तो आपला ‘गेला बुधवार’च!

असा विषाणू मुळी नव्हताच. त्या काळचे साधे ई-मेल पत्र नुसते वाचल्याने संगणक बिघडणेही शक्य नव्हते. हिंडत होता तो केवळ इशारा. आणि त्याच्या प्रती भल्या माणसांनी आपल्या हातांनी काढून दिल्या. ‘लांडगा आला रे आला’ असे ओरडणाऱ्या मुलाला आपण खोटे बोलत आहोत, हे पक्के माहीत होते. हा इशारा पाठविणारा मात्र स्वतः भ्यालेला होता आणि आपल्या माणसांचे नुकसान होऊ नये, हीच त्याची इच्छा होती. म्हणून त्याच्यावर रागावताही येत नाही. लबाडाला ओळखणे सोपे असते. भाबड्या हितचिंतकाला आवरणे फार अवघड.

‘खोटा का असेना, इशारा दिल्याने बिघडले काय?’ असे पुष्कळजण म्हणतात. हे म्हणणे बरोबर नाही. २००२ साली पसरलेल्या एका पत्राची हकीकत यासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या पत्रात लिहिले होते की, तुमच्या संगणकात एक विषाणू लपून बसला आहे. तो चौदा दिवस निपचित राहतो, नंतर जागा होतो, आणि विषाणू शोधणाऱ्या प्रोग्रॅमांनाही तो सापडत नाही. अमुक नावाची फाइल शोधा. तिच्या चिन्हावर अस्वलाचे पिलू दिसेल. ती तत्काळ काढून टाका आणि ज्यांचे ज्यांचे पत्ते तुमच्यापाशी आहेत, त्या सर्वांना कळवा. लोक शोधू लागले, तो काय! अस्वल खरोखरच तेथे बसलेले! मग कोणाला शंका येणार? घाईघाईने त्यांनी ती फाइल पुसली आणि वर शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सावध केले. वस्तुतः ती फाइल ‘विंडोज’ या प्रणालीबरोबरच संगणकात येत असे, आणि म्हणूनच ती जिकडेतिकडे सापडत होती. काही विशिष्ट प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना तिचा उपयोग होई. इतरांचे तिच्यावाचून सहसा अडत नसे, हे त्यांचे नशीब. त्या पत्रात विषाणू नव्हता, आज्ञासंच नव्हता, काहीही नव्हते. तरीही संगणकातील चांगली वस्तू नाहीशी झाली, आणि ती नाहीशी केली ती संगणकाच्या मालकाने स्वतः. चोर येणार म्हणून कोणी भिववावे आणि घरधन्याने आपलीच भांडी विहिरीत टाकावी, असा हा प्रकार झाला.

एवढे ऐकून एखादा म्हणेल, ‘तर मग सारेच इशारे थापा समजावे!’ तेही धोक्याचे आहे. ४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधून एक खराखुरा विषाणू जगभर पसरला. ‘आय लव्ह यू’ असे त्या पत्राचे शीर्षक होते आणि सोबत प्रेमपत्राच्या नावाची एक फाइल जोडलेली होती. ती उघडताच संगणकातील चित्रे व इतर फाइली नष्ट होत, आणि त्या घरच्या पत्त्यांच्या यादीतील प्रत्येकाला तेच पत्र आपोआप जाई. म्हणजे पत्र येई ते ओळखीच्या माणसाच्या नावाने! ब्रिटनच्या पार्लमेंटला आपली ई-मेल व्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली. ‘ओळखीच्याकडून आले, म्हणजे भिण्याचे कारण नाही’ ही समजूत त्या दिवशी फोल ठरली.

खरा इशारा कसा असतो, हे २०१७ साली दिसले. १४ मार्च रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोजमधील एक गंभीर उणीव जाहीर केली आणि तिच्यावरील दुरुस्तीही त्याच दिवशी दिली. त्या सूचनेवर तारीख होती, देणाऱ्याचे नाव होते, उपाय होता. मात्र ‘हे दहा जणांना पाठवा’ असे कोठेही लिहिले नव्हते. आरडाओरडा नसल्यामुळेच की काय, अनेक ठिकाणी ती दुरुस्ती बसविण्याचे राहून गेले. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा विषाणू नेमका त्याच फटीतून शिरला. त्याने फाइलींना कुलपे घातली आणि ती उघडण्यासाठी खंडणी मागितली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. काहींच्या शस्त्रक्रियाही लांबणीवर पडल्या. भपकेबाज खोट्या इशाऱ्यांमागे धावण्यात जग जितके तत्पर असते, तितके ते या साध्या, रुक्ष सूचनेविषयी दिसले नाही, ही खेदाची गोष्ट होय.

आपल्या देशातही अशा सूचना देण्यासाठी २००४ सालापासून ‘सर्ट-इन’ ही सरकारी संस्था काम करीत आहे. तिच्या सूचना कोणालाही पाहावयास मिळतात. चावडी अजून आहे. तिकडे जाऊन विचारण्याची सवय मात्र मोडली आहे. ती सवय लावण्याचे काम बारा वर्षांची मुलेही करू शकतील, कारण फोनवर काही विचित्र आले की घरातील वडीलधारी मंडळी पुष्कळदा त्यांनाच हाक मारतात.

समजा, आजोबांच्या फोनवर असाच एखादा भयंकर इशारा आला आणि तो सर्व नातेवाइकांना पाठविण्यासाठी त्यांनी बोट उचलले. नातीने एवढेच विचारावे, “आजोबा, हे तुम्हांला कोणी सांगितले?” ते म्हणतील, “तात्यांनी.” मग तात्यांना फोन करावा. तात्यांना त्यांच्या भाच्याने पाठविले असेल, भाच्याला त्याच्या कचेरीतील स्नेह्याने, आणि स्नेह्याला आणखी कोणी तरी. दोन-तीन घरे अशी मागे जाऊन पाहिली, तरी डफ वाजविणारा कोतवाल काही सापडत नाही. आणि तोवर आजोबांनी उचललेले बोट खाली आलेले असते.