एकाच गिऱ्हाइकाचा धंदा आणि जुन्नरचा कागद

भोसरीपासून चाकणपर्यंत आपले अनेक कारागीर बांधव लेथ, वेल्डिंग, पावडर कोटिंग, पॅकिंगच्या लाकडी पेट्या अशी कामे करतात. हात तयार आहे, मेहनतीला तोड नाही. पण माल बाहेर पडतो तो कंपनीच्या नावाने. कारागिराचे नाव शटरच्या आतच राहते. आकुर्डीत बजाजने २००७ साली उत्पादन थांबवले. तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला. मोठी कंपनी दुसरीकडे जाऊ शकते. तिच्या एका ऑर्डरवर पोट असलेल्या शेडवाल्याने कुठे जायचे?

हा प्रश्न आजचा नाही. चाकणहून नाशिक रस्त्याने साठेक किलोमीटरवर, शिवनेरीच्या पायथ्याशी जुन्नर आहे. तेथील कागदी मुसलमान हाताने कागद बनवीत. त्या जुन्नरी कागदावर मराठी राज्याचे दफ्तर लिहिले जाई. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा आजही याच हुन्नराची आठवण सांगतो. माल अव्वल होता, पण मोठे गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे सरकारी कचेरी. १८१८ साली पेशवाई गेली, पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला, कचेरीने पाठ फिरवली आणि धंदा बसला. कारागिराच्या हातात खोट नव्हती. त्याला दुसरे गिऱ्हाईक ठाऊक नव्हते.

याच हुन्नराचे दुसरे गाव पाहा. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्यामधल्या डोंगराळ वाटेवर कागजीपुरा आहे. तिथे चिंध्यांचा लगदा करणे, जाळीवर कागद उचलणे, तो दाबून वाळवणे ही कामे आजही हाताने चालतात. कारखाने मोजकेच उरले आहेत, हे खरे. तरी वेरूळला जाणारा प्रवासी वाटेत थांबतो, काम डोळ्यांनी पाहतो आणि एखादी वही, चार पाकिटे घेऊन जातो. आमच्या मते हा हुन्नर टिकला त्यात या उघड्या दाराचा मोठा वाटा आहे. ज्याने मेहनत पाहिली, तो घासाघीसही कमी करतो.

मग आपल्या रस्त्यावर हे का होऊ नये? जुन्नर २०१८ साली पर्यटन तालुका जाहीर झाला. जुलै २०२५ मध्ये शिवनेरी आणि लोणावळ्याकडचा लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. शिवनेरीला, माळशेजला निघालेल्या गाड्या भोसरी-चाकणवरूनच जातात. त्यांच्यासाठी आपण वाटेत चहा आणि पंक्चरखेरीज काय ठेवले आहे?

जॉबवर्क सोडा, असे आम्ही म्हणत नाही. त्यावर घर चालते. पण आठवड्यातला एक दिवस स्वतःच्या नावाच्या मालाला द्यावा. फॅब्रिकेटरने लोखंडी कंदील, दिव्याचे स्टँड, जाळीकाम करावे. पेट्या ठोकणाऱ्या सुताराने रेहल, चौरंग, मसाल्याचा डबा करावा. मालावर आपले नाव आणि गाव उमटवावे. चार-सहा जणांनी मिळून रस्त्यालगत एक गाळा घ्यावा. मागे काम चालू, पुढे मांडणी. दुकानदार बांधवांनी हा माल उधारीवर न उचलता रोखीने घ्यावा, कारण कारागिराचे भांडवल उधारीतच बुडते.

केंद्राची विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यात सुतार, लोहार, कुलूप बनवणारे, शिंपी, चर्मकार धरून १८ हुन्नर आहेत. तिचे कर्ज व्याजी आहे, त्याचा निर्णय ज्याने त्याने करावा. पण प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत हे कर्ज नव्हे. त्याची चौकशी करायला संकोच कसला?

हजरत दाऊद (अलै.) बादशाह होते, तरी लोखंडाची चिलखते बनवून स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत. लोखंडाचे काम करणाऱ्यांना याहून मोठी सनद नको. शेडचे शटर आता गिऱ्हाइकाच्या बाजूनेही उघडावे. पुढची ऑर्डर थांबण्याची वाट पाहू नये.