खिडकीचा कट्टा

दसरा झाला, पाऊस ओसरला की धारवाडात घरोघरी भिंती न्याहाळण्याचा हंगाम सुरू होतो. हुबळीकरांना याचे फारसे सोयरसुतक नसते. वीस किलोमीटरांच्या अंतरात पावसाचे मान पुष्कळ उतरते. आमचे धारवाड पडले मलनाडाच्या वेशीवर. आषाढातली झड पश्चिमेकडून येते आणि त्या अंगाच्या प्रत्येक खिडकीची परीक्षा घेऊन जाते.

आमच्या माळमड्डीच्या घराची अशीच एक खिडकी. भिंत जुन्या पद्धतीची, दीड फुटांची. त्यामुळे आत ऐसपैस कट्टा. आमच्या मातुःश्री कैक वर्षे तेथे बसून तांदूळ निवडीत आल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी त्या कट्ट्याखाली ओल उतरली, चौकटीभोवतीच्या लाकडी पट्ट्या काळ्या पडल्या. आम्ही स्वतःस हरहुन्नरी समजतो. जुन्या पट्ट्या उपटल्या, बाजारातून नव्या आणून ठोकल्या, फटींत लांबी भरली, वर व्हार्निशचा हात दिला. पाहुण्यांनी वाखाणणी केली. पुढच्या श्रावणात पट्टीवर सहज बोट टेकविले, तो ते आत गेले. वाळवी! मातुःश्रींनी आपली बैठक मधल्या खोलीत केव्हाच हलविली होती आणि आम्हांस ते आठ दिवसांनी उमगले. पट्टीपेक्षा याचीच लाज अधिक वाटली.

मग बडिगेर आला. (इकडे सुताराला आपणही बडिगेरच म्हणतो.) त्याने करवतीला हातही लावला नाही. तांब्याभर पाणी मागून घेतले आणि बाहेरच्या दगडी फरशीवर ओतले. पाणी संथपणे चौकटीकडे आले. ‘नीर ओळग बरताव नोडरी,’ एवढेच तो म्हणाला. पाणी आत येत होते, आणि आम्ही वर्षभर त्यावर सुबक झाकण घालून बसलो होतो.

बाहेरची फरशी काढून नव्याने बसविली. उतार बाहेरच्या अंगाला, फुटाला इंचभर तरी; फरशीची कड भिंतीपुढे दोन इंच; आणि त्या कडेच्या खालच्या अंगास एक आडवी खाच. ही खाच नसेल तर पाणी फरशीच्या पोटाला चिकटून पुन्हा भिंतीकडे वळते. एवढीशी गोष्ट, परंतु नव्या इमारतींतही ती सर्रास वगळलेली दिसते. भिंत वाळायला दोन महिने दिले. येथे घाई करणाऱ्याने पुढचे काही करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आतले काम त्यामानाने सोपे. प्रथम कट्ट्याची कडप्पा फरशी पाणसळीने समतल बसवावी, मग तिच्यावर उभ्या पट्ट्या टेकवाव्यात आणि शेवटी माथ्याची आडवी पट्टी. जुनी चौकट काटकोनात असेल या भ्रमात राहू नये. दोन्ही कर्ण मोजावेत. आमच्या खिडकीत ते तीन सुतांनी चुकले. म्हणून कोपऱ्यांचे 45 अंशांचे काप गुण्यावर विसंबून न घेता जागेवर पट्टी धरून घेतले. पट्टी चौकटीच्या कडेशी तंतोतंत न लावता एक सूत मागे ठेवली की बिजागरी मोकळी राहते आणि चौकटीचा वाकडेपणा नजरेस येत नाही. पट्टीच्या पाठीला व कापलेल्या टोकांना आधीच तेलरंगाचा हात द्यावा. ओल शिरते ती तेथूनच. लाकूड आम्ही जुन्या वाड्याच्या मोडीतले सागवान घेतले. दांडेलीचे नवे सागवानही उत्तमच, पण ते नीट वाळलेले हवे. पावसाळ्यात फुगलेली पट्टी मापाने बसविली तर फाल्गुनात सांध्यांत फट पडते.

यंदाची झड येऊन गेली. मातुःश्रींचे सूप पुन्हा कट्ट्यावर आले आहे. तांदूळ निवडता निवडता त्या अजून मधूनच डाव्या कोपऱ्याखाली हात फिरवून पाहतात.