नाव कॉलेजचे, गुण मुलाचे

“आयआयटी आपल्या दारात, अन् आमचा चिरंजीव साध्या कॉलेजात!” २०१६ साली भिलाईच्या नावाने आयआयटी सुरू झाली, तेव्हापासून शेजारच्या काकूंचे हे पालुपद. खासगी कंपन्या नोकरी देण्यासाठी आधी बड्या कॉलेजांतच जातात, हे खरेच. पण भिलाईचा पोलाद कारखाना ज्या ‘सेल’चा, तिने २०२२ मध्ये प्रशिक्षणार्थी इंजिनिअरांना मुलाखतीला बोलावले ते ‘गेट’ परीक्षेच्या गुणांवर. गेटच्या गुणपत्रकावर कॉलेजचे नाव नसतेच! पदवीला मात्र ६५ टक्के लागत होते.

काकूंना हे सांगितले. त्या क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “हे जरा त्याच्या बाबांना सांगशील का गं? दोन वर्षे झाली, धड बोलत नाहीत त्याच्याशी.”