घर मागितले, चौरस फूट मिळाले

धाराशिवचे नाव निघाले की आपल्या वाचकांना जानेवारी २०२० मधले ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आठवते. तेव्हा उस्मानाबाद म्हणविणाऱ्या त्या नगरीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना अध्यक्षस्थानी बसविले आणि आपणा सर्वांची मान उंचावली. संमेलनाचा मांडव उठला आणि आपण तो जिल्हा विसरलो. परंतु त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडे सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावे आहेत. तेथे दगडमातीत आणि सिमेंटमध्ये एक धडा लिहिलेला आहे. जो जो इमारत बांधायला निघतो त्याने तो वाचायला हवा, आणि आपण मात्र तो वाचलेला नाही, अशी आमची तक्रार आहे. ही तक्रार आम्ही प्रथम स्वतःविरुद्धच नोंदवितो. कारण आम्हीही बांधणाऱ्यांपैकीच आहोत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेशविसर्जन आटोपून लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील माणसे गाढ झोपली असताना भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांना भूकंपापेक्षा घरांनी मारले. दोन-दोन फूट आणि त्याहूनही रुंद अशा, चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि वर वर्षानुवर्षे मातीचे थर चढून जड झालेले माळवद, असा तो सारा भार झोपलेल्यांच्या अंगावर आला. पुष्कळ ठिकाणी आतले लाकडी खांब आणि तुळया उभ्याच राहिल्या. भिंती मात्र ढासळल्या. म्हणजे जुन्या घराचा सांगाडा शहाणा होता, कवच घातक होते. हा भेद त्या दिवसांत कोणी शांतपणे ध्यानात घेतला नाही. दगड बदनाम झाला, आणि दगडाबरोबर जुने घर आणि जुने गावही बदनाम झाले.

पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून आणि असंख्य दात्यांच्या मदतीतून पुनर्वसनाचे प्रचंड काम उभे राहिले. पूर्णपणे उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्या कामाचे मोठेपण आम्ही नाकारीत नाही. उघड्यावर पडलेल्या माणसाला छप्पर देणाऱ्याचे ऋण मानलेच पाहिजे. आमचा आक्षेप एका मुद्द्यावर आहे. घर केवढे द्यायचे, हे कशावरून ठरले? सातबाऱ्यावरून ठरले. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५०. घरात माणसे किती, म्हातारे किती, जनावरे किती, लग्नाच्या मुली किती, यांना त्या मोजणीत जागा नव्हती. दहा माणसांचे भूमिहीन कुटुंब २५० चौरस फुटांत आणि चार माणसांचा बागायतदार ७५० चौरस फुटांत, असा हा न्याय झाला.

मराठवाड्यातला शेतकरी घर चौरस फुटांत मोजीत नव्हता. तो खणांत मोजीत होता. पाच खणांचे घर, सात खणांचे घर. त्या खणांना कामे ठरलेली होती. ओसरीवर आल्यागेल्याशी बोलणे, सोप्यात निजणे, बळदात वर्षाचे धान्य, अंगणात वाळवण, कडेला गोठा. बैल रात्री धन्याच्या नजरेसमोर असे. बाहेरून उंच भिंत आणि एकच दार असल्यामुळे घरातल्या बायका आत मोकळेपणी वावरत. नव्या घरात यांतले काय आले? दोन खोल्या आल्या, आणि रुंद रस्त्याकडे उघडणारे दार आले. ज्वारीची पोती निजण्याच्या खोलीत आली, आणि संडास बांधून मिळाला तेथे काही घरी सरपण आणि अवजारे गेली. जनावरांसाठी लोकांनी पत्रे ठोकले, आणि त्या पत्र्यांना आधार म्हणून कोठे कोठे पुन्हा कच्च्या भिंती उठल्या. भूकंपापासून वाचविण्यासाठी बांधलेल्या घराला माणसाने आपल्या गरजेपोटी पुन्हा धोका जोडून घेतला. याला अडाणीपणा म्हणणारे विद्वान आम्ही ऐकले आहेत. आमच्या मते हा नकाशाने न विचारलेल्या प्रश्नाला लोकांनी दिलेला जबाब आहे.

घराचे झाले तेच गावाचे. जुनी गावे दाट होती. गल्ल्या अरुंद, वळणाच्या, सावलीच्या. नवी गावे शहराच्या वसाहतीसारखी सरळ रेषांत आखली गेली. ती जुन्या गावाच्या कित्येक पट पसरली. घरे आकाराप्रमाणे ओळींत बसविल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी दूर पडले आणि भाऊ भावापासून तुटला. शेत लांब गेले, पाणी लांब गेले. आणि त्या लांबलचक रस्त्यांचे दिवे, नळ, गटारे सांभाळण्याचा खर्च ग्रामपंचायतीच्या माथी आला.

यावर दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे की, वेळ नव्हता. लोक तंबूंत आणि पत्र्यांच्या निवाऱ्यांत असताना चौकशा कसल्या करीत बसायचे? परंतु ही गावे काही महिन्यांत उभी राहिली नाहीत. त्यांना वर्षे लागली. ज्या कामाला वर्षे लागतात त्यात विचारण्यासाठी काही आठवडे नव्हते, हे आम्हांला पटत नाही.

दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे. लोकांनीच सिमेंटची घरे मागितली, लोकांनीच नवी जागा मागितली, असे सांगितले जाते. ते खरेही आहे. दगडाखालून मुलाचे प्रेत ओढून काढलेला बाप दुसरे काय मागणार? पण भेदरलेल्या माणसाला ‘तुला काय हवे?’ असे एकदा विचारणे वेगळे, आणि ‘तुझा दिवस कसा जातो?’ हे त्याच्याजवळ बसून समजून घेणे वेगळे. पहिल्या प्रश्नाला भीती उत्तर देते. दुसऱ्याला आयुष्य उत्तर देते. पुनर्वसनात सभा झाल्या, ठराव झाले; पण पुष्कळ ठिकाणी विचारणे पहिल्या प्रकारचेच राहिले.

हा दुसरा प्रश्न विचारण्याचे रीतसर शास्त्र आहे. अमेरिकेतील विल्यम पेन्या या वास्तुविशारदाने १९६९ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिले. त्याचे सार एवढेच की, रेखाटन म्हणजे प्रश्नाचे उत्तर. म्हणून आधी प्रश्न शोधा, तो लिहून काढा, वापरणाऱ्यांकडून तपासून घ्या, आणि मगच पेन्सिल हाती घ्या. कोण, किती जण, कोणत्या वेळी, कोणत्या कामासाठी, किती पैशांत, आणि दहा वर्षांनी काय बदलेल, या साध्या प्रश्नांचा तो लेखी आराखडा असतो. हे परदेशी खूळ नव्हे. आपला गावचा सुतार खण मोजण्यापूर्वी बैलांच्या जोड्या किती आणि सुना किती, हे विचारीत असे.

मात्र विचारणेही अपुरे पडू शकते. इजिप्तमध्ये लक्झरजवळ हसन फाती या थोर वास्तुविशारदाने १९४० च्या दशकात नवे गुर्ना गाव कुटुंबागणिक विचार करून, मातीच्या विटांत, फार देखणे बांधले. तरी बहुतेक गुर्नावासी तेथे गेले नाहीत. त्यांची रोजीरोटी जुन्या गावाखालच्या प्राचीन थडग्यांशी बांधलेली होती. घर नवे मिळत होते, पोट जुन्या जागी राहत होते. म्हणून घराच्या आराखड्यात पोटाचा प्रश्न आधी लिहावा लागतो.

आणि या साऱ्याचे उत्तरही याच दोन जिल्ह्यांत सापडले, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. जी घरे पडली नव्हती पण तडकली होती, त्यांच्या दुरुस्ती-मजबुतीचे काम मालकांच्याच हाती देण्यात आले. पैसे आणि साहित्य सरकारचे, मार्गदर्शन अभियंत्याचे, निर्णय घरमालकाचा. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. हजाराहून अधिक गावांत या बायकांनी शेजारणींना भिंत कशी बांधून घ्यावी, मिस्त्रीला काय विचारावे, हे समजावले. पुढे २००१ मध्ये कच्छचा भूकंप झाला, तेव्हा गुजरातने मालकाने स्वतः घर बांधण्याच्या पद्धतीवर भर दिला. मराठवाड्याच्या बायकांनी जे शिकले ते सांगायला त्या तेथेही गेल्या.

आता आपल्या अंगणात येऊ. आपल्या धर्मग्रामांत सभागृहे, शाळा, वृद्धाश्रम बांधले जातात. आम्ही एका बांधकाम समितीत होतो. कोणत्या धर्मग्रामाच्या, ते सांगत नाही. कारण दोष आमचाही होता. आम्ही चौरस फूट मोजले, दरपत्रके तपासली, दर्शनी कमानीवर तीन बैठका घेतल्या. सभागृह पहिल्या मजल्यावर घेतले. गुडघे दुखणाऱ्या आजी जिन्याखालीच बसून राहतात. स्वयंपाकघर देखणे झाले, पण शंभर माणसांची भांडी घासायला जागा नाही. लग्नकार्यात रांधणाऱ्या बायकांपैकी एकीलाही आम्ही नकाशा दाखविला नव्हता. भूकंपाची घाई आम्हांला नव्हती. आमच्याजवळ कोणतीच सबब नव्हती.

बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणारा माणूस शुभवर्तमानात आहे. तो हिशेब आपण नेमाने करतो. परंतु बुरूज कोणासाठी, हा हिशेब राहून जातो. म्हणून आमची मागणी साधी आहे. कोणत्याही धर्मग्रामात पहिला दगड बसविण्यापूर्वी, आणि नकाशा काढण्याचीही आधी, वापरणाऱ्यांच्या गरजा लिहून काढाव्यात. त्या लिहिताना स्वयंपाकीण, शिपाई, आजारी माणूस आणि लहान मूल यांना प्रथम विचारावे, देणगीदारांना शेवटी. ते लेखन मिस्सेनंतर सर्वांना वाचून दाखवावे. इमारत वापरात आल्यावर एका वर्षाने त्याच माणसांना पुन्हा विचारावे, आणि चुकले ते मान्य करावे.

याला खर्च नाही. थोडा वेळ आहे, आणि थोडा अहंकार सोडणे आहे. तेवढेही आपल्याच्याने होणार नसेल, तर सास्तूर-होळीच्या त्या सरळ ओळींकडे बोट दाखविण्याचा आपल्याला अधिकार नाही.