गणवेशाची सक्ती कोणावर?

नागपुरातील रामदासपेठेत सकाळी सातच्या सुमारास रस्त्यावर नजर टाकली, तर गणवेशाचा सगळा प्रश्न एकाच चौकात उभा असलेला दिसतो. व्हॅनमध्ये दाटीवाटीने बसलेली टाय-बुटांतली मुले एका दिशेने जातात. परिसरातल्या इस्पितळांत आणि बंगल्यांत कामाला येणाऱ्या स्त्रियांची मुले महापालिकेच्या शाळेच्या सदऱ्यात पायी दुसऱ्या दिशेने. दोघांच्याही अंगावर गणवेश आहे, आणि कोणते मूल कोणत्या घरचे हे कोणाला विचारावे लागत नाही.

गणवेशामुळे समता येते, असे आपण प्रत्येक स्नेहसंमेलनात ऐकतो. हे विधान खोटे नाही, अर्धे आहे. वर्गाच्या चार भिंतींत ते खरे ठरते. गणवेशाने मुलांच्या व्यक्तित्वाचा संकोच होतो असे मानणाऱ्यांनी शाळेतल्या वाढदिवसाकडे पाहावे. त्या एका दिवशी रंगीत कपड्यांची मुभा असते. सधन घरचे मूल नवा पोशाख घालून, चॉकलेटचा डबा घेऊन येते. एखादे मूल मात्र त्या दिवशीही गणवेशातच येते आणि आपला वाढदिवस असल्याचे कोणाला सांगतही नाही. गणवेश काढून टाकला, तर वर्षातले दोनशे दिवस असेच जातील. तेव्हा माझा पक्ष गणवेशाचाच आहे.

परंतु ही सक्ती नेमकी कोणावर? आज ती मुलावर आहे. ती सक्ती करणाऱ्यावर असली पाहिजे. ज्याला मूल एका रंगात हवे आहे, त्याने तो रंग त्या मुलाच्या अंगापर्यंत पोहोचवावा. लंडनच्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या १५५२ साली स्थापन झालेल्या शाळेत अनाथ-गरीब मुलांना लांब निळा कोट दिला जाई. तो दानाचा कोट होता, दानाची खूणही होता. पण शाळेने दिलेला होता. आपण खूण तेवढी ठेवली आणि देण्याचे काम पालकांवर ढकलले.

शासन देते, असे कोणी म्हणेल. देते; पण कसे, तेही पाहू. समग्र शिक्षा योजनेत दोन गणवेशांसाठी ६०० रुपये, म्हणजे एकास ३०० रुपये, धरलेले. कापड आणि शिलाई मिळून एवढ्यात काय होते, हे कोणत्याही शिंप्याला विचारावे. त्यात २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ आले. कापडाची खरेदी मुंबईतून एकत्रित, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे. आणि दुसऱ्या, स्काउट-गाईडच्या गणवेशाचे नुसते कापड शाळांच्या हाती. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे त्या वर्षी १ जुलैला उघडल्या. तरीही १५ ऑगस्टला राज्यातल्या अनेक शाळांतली मुले जुन्याच कपड्यांत ध्वजवंदनाला उभी होती. पुढे जे आले ते कित्येकांच्या मापाचे नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले. बरे झाले. मुलाचे माप गावातल्या शिंप्याला ठाऊक असते, मंत्रालयाला नसते. शिवाय त्या योजनेत एक दोष असा होता, की तो वेळेवर आणि मापात मिळाला असता तरी गेला नसता: राज्यभरच्या सरकारी शाळांतील मुलांना एकच आकाशी-निळा रंग दिला, म्हणजे गरिबीला एक रंग दिला.

आता आपल्या शाळांकडे वळू. विदर्भात गल्लीबोळातल्या बालवाडीलाही ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात. तो शब्द आपण दिला, आणि त्याबरोबर टायही दिला. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या गावात सहा वर्षांच्या मुलाच्या गळ्याला टाय कशासाठी, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही. रोजचा गणवेश वेगळा, कवायतीचा वेगळा, हाऊसच्या रंगाचा सदरा वेगळा, आणि बोधचिन्ह कापडावरच भरलेले, म्हणजे दुकानही एकच. हा खर्च शिस्तीच्या नावावर खपतो.

शिक्षणहक्क कायदा, २००९ सांगतो की प्राथमिक शिक्षण अडेल असा कोणताही खर्च मुलावर पडू नये, आणि कलम १७ मानसिक छळालाही मनाई करते. २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही असे ठरवले. (त्या निकालाविषयी सर्वोच्च न्यायालयाच्याच एका खंडपीठाने २०२५ मध्ये शंका घेतली आहे.) सूट मिळाली म्हणून आपण आनंदलो. पण गणवेश नाही म्हणून प्रार्थनेच्या वेळी बाजूला काढलेल्या मुलाला ही सूट कशी समजावणार? त्याच्या आईने कदाचित एकच जोड धुऊन घातला असेल आणि तो पावसात वाळला नसेल.

तेव्हा आपल्या शाळांनी येत्या जूनपूर्वी एवढे करावे. टाय बंद. बोधचिन्ह सुटे, घरी शिवून लावता येईल असे. कापड कोणत्याही दुकानात मिळणारे. गणवेशाविषयी जाब विचारायचा तो पालकांना, तोही एकांतात, आणि मूल तोवर वर्गातच बसेल. मुख्याध्यापकांच्या कपाटात निरनिराळ्या मापांचे धुतलेले गणवेश असावेत. ते कुठून आणायचे, हा प्रश्न फारसा अवघड नाही: दहावीची आणि वाढत्या अंगाची मुले दरवर्षी आपले चांगले गणवेश घरी टाकून देतात. ते शाळेत आणून द्या, असे त्यांना कोणी सांगितले मात्र पाहिजे.