तार ग्रामपंचायतीपर्यंत आली, वस्तीपर्यंत कधी?

पाचोरा हे मुंबई-भुसावळ लोहमार्गावरचे स्थानक. सन २००० मध्ये रेल्वेने रेलटेल ही कंपनी काढली आणि देशभर रुळांच्या कडेने ऑप्टिकल फायबर टाकले. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. तीच २०१५ पासून भारतनेट. लाखो किलोमीटर तार खेड्यांकडे निघाली. अडली कुठे? शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर!

पाचोरा तालुक्यातल्या एका गावात वस्तीतल्या समाजमंदिरात अभ्यासिका चालते. देणगीत मिळालेले ४ जुने संगणक आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, भरतीचा अर्ज ऑनलाईन, हॉलतिकीट ऑनलाईन. आणि मोबाईलला रेंज आली तर आली. शेवटी पोरांनी वर्गणी काढली, जळगावहून तांब्याच्या नेटवर्क केबलचा डबा आणला. डब्यात ३०५ मीटर केबल असते. ग्रामपंचायतीजवळच्या दुकानातून कनेक्शन घेऊन झाडांवरून, पत्र्यांवरून ती समाजमंदिरापर्यंत ओढली. संगणकाला जोडली. दिवाच लागला नाही. दुकानदार म्हणाला, "तुमच्या वस्तीत नेट चालणार नाही." हे वाक्य वस्तीने पाण्यापासून विजेपर्यंत प्रत्येक वेळी ऐकलेले आहे.

दोष वस्तीचा नव्हता, तांब्याचा होता. या केबलची मर्यादा १०० मीटर आहे. त्यापुढे संदेश क्षीण होतो. दर १०० मीटरवर स्विच बसवता येतो, पण त्याला वीज लागते, आणि भारनियमन कोणत्या भागात जास्त असते हे आपल्याला कोणी सांगायला नको. शिवाय उघड्यावरून गेलेली तांब्याची तार पावसाळ्यात विजेचा झटका थेट संगणकात आणते. फायबर काचेचे असते. त्यातून वीज वाहत नाही, प्रकाश वाहतो, आणि तो १०-२० किलोमीटर सहज जातो. दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर नावाच्या दोन छोट्या डब्या लागतात. त्यांची जोडी साध्या स्मार्टफोनपेक्षाही स्वस्त पडते. सांधा जोडायला मात्र यंत्र असलेला कारागीर बोलवावा लागतो. एवढी साधी माहिती पोरांना कोणी दिली नाही. वर्गणी गेली, वर हिणवणे वाट्याला आले.

ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने सुधारित भारतनेटला १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर केले. पूर्वी गावे एका रेषेत जोडली होती. एका ठिकाणी जेसीबीने केबल तोडली की पुढची सगळी गावे बंद. आता कडे करून जोडायची, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालेल. हे शहाणपण उशिरा का होईना, सुचले. पण गावाच्या आत तार कोणत्या गल्लीत जाणार? ते काम स्थानिक उद्योजकाकडे, आणि तो पैसे देणारे गिऱ्हाईक आधी पाहणार. गाव हे एकसंध नाही; गाव म्हणजे अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे आगर, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना सुनावले होते. सरकारी नकाशात मात्र गाव अजूनही एकच ठिपका आहे.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायचे असतात. त्यातून गटारी होतात, पेव्हर ब्लॉक बसतात, कधी नुसतीच बिले निघतात. मग समाजमंदिरापर्यंत फायबर का नको? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला ग्रामसभा होते. तिथे ठराव मांडा, आणि ठरावात 'इंटरनेट' एवढेच लिहू नका. 'ग्रामपंचायत कार्यालय ते समाजमंदिर ऑप्टिकल फायबर, दोन्ही टोकांच्या यंत्रांसह' असे लिहा. नाहीतर पुन्हा तांबेच गळ्यात मारतील.

त्या गावच्या पोरांनी असा अर्ज दिला आहे. पोच घेतली आहे. डब्यातल्या केबलचे तुकडे करून अभ्यासिकेतले चारही संगणक त्यांनी सध्या एकमेकांना जोडले आहेत. जुन्या प्रश्नपत्रिका आता कोणत्याही संगणकावर उघडतात.