बलुते की हक्क?



धम्माला वाहिलेल्या पाक्षिकाने रास्तभाव दुकानातील गहू-तांदळावर अग्रलेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. त्यांनी आळवी नगरीची कथा आठवावी. हरवलेला बैल शोधून दमलेला, उपाशी शेतकरी सभेत आला, तेव्हा तथागतांनी प्रथम त्यास जेवू घालावयास सांगितले आणि मगच उपदेशास आरंभ केला.

परंतु अन्न मिळणे निराळे आणि ते कोणत्या नात्याने मिळते हे निराळे, ही गोष्ट आपल्याइतकी कोणास ठाऊक असणार? आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या गावकी केली, सरकारी टपाल वाहिले, मेलेली गुरे ओढली आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात दारोदार भाकरीचे तुकडे गोळा केले. ते श्रमाचे मोल होते. पण किती द्यावे, केव्हा द्यावे, हे सर्वस्वी गावाच्या लहरीवर असल्याने त्या मोलाला भिकेची कळा आली. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते बलुत्याची ही अनिश्चितता मोडण्यासाठीच होय. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने नष्ट झाली. बलुते गेले, बलुत्याची वृत्ती मात्र गेली काय?

आज धान्याच्या पिशवीवर कोणाचेही छायाचित्र छापलेले असो, आतील दाणा कोणाच्या घरचा नव्हे. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने केवळ त्याच्या बळावर न्यायालयात दाद मागता येत नव्हती. २००१ साली सरकारी कोठारे भरलेली असताना राजस्थानात लोक उपाशी होते. तेव्हा पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने अन्नाच्या सरकारी योजनांचे कायदेशीर हक्कात रूपांतर झाले. त्यावर २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने शिक्कामोर्तब केले. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास दरमहा ५ किलो, अंत्योदय कुटुंबास ३५ किलो. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीचेच नाव लागावे, असेही तो कायदा सांगतो. ही तरतूद घरातील पुरुषांनी मुद्दाम वाचावी!

येथे एक बारकावा ध्यानी घ्या. धान्याचे माप कायद्यात आहे. ते १ जानेवारी २०२३ पासून फुकट मिळू लागले, हा मात्र सरकारचा निर्णय आहे. निर्णय फिरू शकतो, माप फिरविण्यास संसदेत जावे लागते. म्हणून दुकानदार माप मारीत असेल तर गयावया करू नका. जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. तेथे न्याय न मिळाल्यास राज्य अन्न आयोगाकडे जा. दुकानावरील दक्षता समितीत अनुसूचित जातींना योग्य प्रतिनिधित्व असावे, असे २९ वे कलम म्हणते. आपल्या गावची समिती कोणाची आहे, याची चौकशी कितीजणांनी केली?

शाळेतील भोजनाचेही तसेच. ते शिजविण्याच्या कामी अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २० एप्रिल २००४ चा आदेश आहे. आपल्या भगिनीने शिजविलेला भात कोणी नाकारीत असेल, तर ताटावरून उठावयाचे असल्यास त्याने उठावे; चुलीपासून तिला उठविण्याचा अधिकार कोणासही नाही.

नव्याने धम्मदीक्षा घेतलेली कित्येक कुटुंबे कागदावर 'बौद्ध' लिहावयास कचरतात. सवलत जाईल ही भीती! अन्न सुरक्षेचा कायदा कोणाचा धर्म विचारीत नाही. अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती १९५६ नंतर बौद्धांना नाकारल्या गेल्या हे खरे. परंतु १९९० च्या दुरुस्तीने तो अन्याय दूर झाला. महाराष्ट्राच्या योजनांत तर 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असा स्पष्ट उल्लेख असतो. पूर्वीची जात अनुसूचीत असल्यास बुद्धाला शरण गेल्याने काहीही हिरावले जात नाही.

आता शेतीकडे वळू, आणि येथे चित्र वेगळे आहे. १९५९ व १९६४ साली ज्यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले, त्या दादासाहेब गायकवाडांच्या नावाने भूमिहीनांना चार एकर कोरडवाहू अथवा दोन एकर बागायती जमीन देणारी योजना आहे. विहिरीसाठी अनुदान देणारी कृषी स्वावलंबन योजना बाबासाहेबांच्या नावाने आहे. नावे थोर आहेत. पण या योजना शासन निर्णयावर उभ्या आहेत, कायद्यावर नव्हेत. अर्थसंकल्पात तरतूद झाली तर विहीर, न झाली तर खड्डा. जमीन विकावयास कोणी पुढे आला नाही, तर मंजुरीचा कागद हाती धरून बसावे लागते. हेच ते बलुते, फक्त गावाच्या जागी मंत्रालय आले!

लोकसंख्येच्या प्रमाणात राखलेला निधी अन्यत्र वळू नये म्हणून आंध्र प्रदेश व कर्नाटक या राज्यांनी २०१३ साली कायदे केले. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जाती सुमारे १२ टक्के आहेत. त्यांचा वाटा कायद्याने बांधून घेण्यास आपल्या आमदाराची तयारी आहे काय? मत मागावयास तो वस्तीत येईल, तेव्हा हे विचारा, आणि उत्तर लेखी मागा.